फीड कशासाठी, हे कोण सांगणार?

आरएसएस म्हटलं की आपल्याकडे आधी नागपूर आठवतं. आज आपण बोलणार आहोत ते मात्र वेबवरच्या आरएसएसबद्दल. मार्च १९९९मध्ये नेटस्केप कंपनीने ते आणलं. वेगवेगळ्या वेबसाइट्सचे ताजे मथळे ‘माय नेटस्केप’ या एकाच पानावर दिसावेत, एवढाच त्यामागचा हेतू. मथळा, दुवा, थोडक्यात वर्णन. फीड म्हणजे बातम्या, आणि नवी बातमी आधी, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. तसं लिहून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही.

पुढे मात्र लोकांनी याच साच्यात काय काय भरलं! डिसेंबर २०००मध्ये आरएसएस ०.९२ आलं, त्यात ‘एन्क्लोजर’ ही खूण होती. सोबतची फाइल कुठे आहे, केवढी आहे, कोणत्या प्रकारची आहे, हे ती सांगते. त्यावरच पॉडकास्ट उभं राहिलं. पण फाइल आवाजाची आहे एवढं कळलं, तरी ती गप्पांची की गाण्याची, हे फीड रीडरला कसं कळायचं?

आता समजा, सर्वाधिक खपाच्या दहा पुस्तकांची यादी कोणी फीडमधून दिली. एक पुस्तक यादीतून गेलं, दुसरं आलं. फीड रीडर जुनं नाव जुन्या बातमीसारखं जपून ठेवतो, आणि बघता बघता दहाची यादी वीसची होते. २००५मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर तोडगा सुचवला. फीडमध्येच ‘ट्रीट अ‍ॅज लिस्ट’, म्हणजे ‘हिला यादी समजा’, असं लिहायचं. मग मूळ यादीतून गळलेलं नाव वाचणाऱ्याकडूनही गळतं.

क्रमशः चालणाऱ्या गोष्टीची अडचण उलटी. नवा भाग आधी दाखवला, तर ऐकणाऱ्याला शेवट आधी कळणार. २०१७मध्ये अ‍ॅपलने पॉडकास्टसाठी ‘एपिसोडिक’ आणि ‘सीरियल’ असे दोन प्रकार ठरवले. ‘सीरियल’ असेल तर पहिला भाग आधी. त्यानंतर ‘पॉडकास्ट २.०’वाल्यांनी ‘मीडियम’ ही खूण आणली. हे पॉडकास्ट आहे, संगीत आहे की ऑडिओबुक, हे आता प्रकाशकच सांगू शकतो.

यात आपलं काय अडलंय? फीड कोणाच्या मालकीचं नसतं. कोणीही काढावं, कोणत्याही अ‍ॅपमध्ये ऐकावं. पण हेतू लिहिलेला नसेल, तर प्रत्येक अ‍ॅप आपापला अंदाज बांधतं, आणि कंटाळलेला प्रकाशक शेवटी एखाद्या मोठ्या कंपनीच्या दारात जाऊन बसतो. तिथे पुस्तकाचा कप्पा वेगळा, गाण्याचा वेगळा, सगळं नीट लावलेलं. फक्त दाराची किल्ली कंपनीकडे. एका शब्दाची ही खूण किल्ली आपल्याकडे ठेवते.