आस्कंद
(अश्वगंधा, ढोरगुंज, लॅ. विथॅनिया सोम्निफेरा, कुल-सोलॅनेसी). वांगी-मिरचीच्या कुलातील हे सदाहरित लहान झुडूप भारतात रुक्ष प्रदेशांत, दख्खनच्या पठारावरही, पडीक जमिनीत व बांधांवर वाढते. उंची साधारण ०·३–१·५ मी.; कोवळे भाग बारीक लवीने पांढुरके दिसतात. फुले पानांच्या बगलेत, हिरवट पिवळी आणि इतकी लहान, की झुडूप ओळखायचे ते फळांवरून : कागदी, फुगीर संवर्तात झाकलेले वाटाण्याएवढे, पिकल्यावर नारिंगी-लाल मृदुफळ. ताज्या मुळांना घोड्यासारखा वास येतो. वाळलेली मुळे आयुर्वेदात बल्य व निद्राकर मानतात. मुळांत अल्कलॉइडे व विथॅनोलाइडे असतात. लागवड मुख्यतः मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात होते. गरोदरपणी मुळी घेऊ नये.