वॅरिंग्टनच्या भांड्यातला चिखल

नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरी दोन सोनेरी मासे आले आणि अकराव्या दिवशी गेले. लेक तेव्हा सातवीत होती. तिच्या हट्टापायी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. दुकानदाराने सल्ला दिला, "प्लॅस्टिकची नको, खरी झाडं लावा. झाडं माशांना हवा देतात, माशांची घाण झाडं खातात. मग पाणी बदलायचीसुद्धा गरज नाही." मला तो हिशेब फार आवडला. जमा आणि खर्च दोन्ही बाजू जुळत होत्या. मी रेती तीन पाण्यांत धुतली, मग मोठ्या पातेल्यात उकळून घेतली. झाडांची मुळे चोळून धुतली. गाळणीचा स्पंज रोज नळाखाली पिळून काढत होतो. टाकी आरशासारखी दिसत होती. आठव्या दिवशी मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करू लागले आणि अकराव्या दिवशी सकाळी दोन्ही मासे तरंगत होते.

"पाणी तर स्वच्छ होतं ना, बाबा?" लेकीने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सूतगिरणीत हिशेब लिहिण्यात उमेद गेली. वस्तूंचा इतिहास शोधणे हा माझा रिकाम्या वेळचा नाद, आणि इंग्रजी वाचतो ते अजूनही कोश शेजारी ठेवून. त्यामुळे टाकी माळ्यावर गेली तरी प्रश्न खालीच राहिला. झाडे, मासे आणि काच यांचा हा जमाखर्च पहिल्यांदा कोणी मांडला, आणि त्याचे मासे का मेले नाहीत?

पहिला कोण, या वादात मी फार रमणार नाही. झान विल्प्र-पॉवर या फ्रेंच बाईंनी १८३२ साली सिसिलीतल्या मेसिना येथे काचेच्या टाक्या करून सागरी जीव अभ्यासले. लंडनमध्ये ॲना थिन यांनी १८४६ साली समुद्रकाठाहून आणलेली पोवळी घरात जगवली. त्यासाठी त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी बसून खारे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. इतिहासात त्या मोलकरणीचे नाव येत नाही, पण हवा घालण्याचा पहिला पंप तीच. 'ॲक्वेरियम' हा शब्द रुळवला तो फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ सालच्या पुस्तकाने. त्याआधीच १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले होते. १८४५ मध्ये इंग्लंडातला काचेवरचा कर उठला होता, हेही विसरू नये. काच स्वस्त झाली नसती तर ही हौस मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात शिरलीच नसती.

गोड्या पाण्यातल्या झाडांच्या टाकीचा मूळपुरुष मात्र माझ्या मते एकच : रॉबर्ट वॅरिंग्टन. औषधविक्रेत्यांच्या लंडनमधील जुन्या संघात, अपोथिकरीज हॉलमध्ये ते रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करत. १८४१ साली केमिकल सोसायटी स्थापन करण्यात पुढाकार त्यांचाच. १८४९ साली त्यांनी सुमारे बारा गॅलनचे, म्हणजे साधारण ५५ लिटरचे, काचेचे भांडे घेतले. हा आकडा वाचून मी माळ्यावरच्या टाकीचे माप काढले. तीही तेवढीच, ५६ लिटरची. आणि त्यांच्या भांड्यातही दोन सोनेरी मासेच होते.

वॅरिंग्टन यांनी आपला प्रयोग १८५० साली सोसायटीपुढे वाचला. तो निबंध छोटा आहे, पण हिशेबनिसाला आवडावा इतका नेमका आहे. भांडे झऱ्याच्या पाण्याने अर्धेच भरले होते. तोंडावर तांब्याच्या तारेचे कडे आणि त्यावर ताणलेली तलम मलमल. लंडनच्या हवेतली काजळी आत पडू नये, पण हवा मोकळी जावी म्हणून. तळाशी वाळू आणि चिखल. त्यावर चुनखडीचे आणि वालुकाश्माचे सुटे दगड, माशांना खाली शिरून बसता येईल असे. पाणी बदलून माशांना त्रास द्यायला लागू नये म्हणून व्हॅलिस्नेरियाचे एक रोप. फितीसारखी लांब, पातळ पाने असलेली ही पाणवनस्पती आज कुठल्याही मासेविक्रेत्याकडे मिळते. तिची मुळे चिखलात खोचून वर एक दगड ठेवला होता.

काही दिवस सगळे ठीक चालले. मग रोपाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. इथे आपल्यासारखा माणूस भांडे धुवायला घेतो. वॅरिंग्टन यांनी मात्र तळ्यात कुजकी पाने खाणारे कोण असते ते आठवले आणि पाचसहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजका पाला खाल्ला, पाणी निवळले. शिवाय त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळू लागली.

झाडे हवा शुद्ध करतात ही गोष्ट तोवर नवी नव्हती. जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली बंद भांड्यातल्या बिघडलेल्या हवेत पुदिन्याची डहाळी ठेवून ती हवा पुन्हा श्वसनयोग्य केली होती. यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली पाने पाण्याखाली बुडवून पाहिले, की बुडबुडे उन्हात निघतात, अंधारात नाहीत. वॅरिंग्टन यांनी त्यात तिसरा भिडू घातला, मेलेले निस्तरणारा. मोठेपण तिथे आहे.

पुढे मात्र घोटाळा झाला. वाचकांनी निबंधातून मासा, झाड आणि गोगलगाय एवढेच उचलले आणि त्याला 'समतोल मत्स्यालय' असे गोंडस नाव पडले. जर्मनीत एमिल रॉसमेस्लर यांनी १८५६ साली 'गार्टेनलाउबे' या घरोघरी जाणाऱ्या साप्ताहिकात काचेतल्या तळ्याविषयी लेख लिहिला, पाठोपाठ १८५७ साली गोड्या पाण्याच्या मत्स्यालयावर पुस्तक काढले, आणि तिकडेही तोच मंत्र पसरला. योग्य प्रमाण साधले की भांडे स्वतःच्या बळावर चालते. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील जेम्स ॲट्झ यांनी ही कल्पना भ्रामक असल्याचे खडसावून सांगितले. माशांना लागणारा प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, आणि रात्री तर झाडेच तो वापरतात. म्हणजे अर्धे भरलेले भांडे आणि वरची मलमल ही बिनमहत्त्वाची बाब नव्हती. वॅरिंग्टन यांनी ती लिहून ठेवली होती, वाचणाऱ्यांनी वगळली. आमच्या दुकानदाराने मला फसवले, असे आता मी म्हणत नाही. त्याने मला १८५० सालचा सिद्धान्त विकला, तोही अर्धा.

पण हवेच्या हिशेबाने माझे मासे का मेले ते कळत नव्हते. माझ्या टाकीत हवेचा पंप होता.

उत्तर चिखलात होते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच निघतो. पाणी कितीही नितळ दिसो, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही आणि अगदी थोडाही माशांना जाळतो. झाडे तो शोषतात हे खरे. पण नुकतीच उपटून लावलेली, मुळे चोळून धुतलेली चार रोपे किती शोषणार? उरलेला कोण फिरवणार?

१८७७ साली पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघांनी एका लांब नळीत तापवलेली वाळू आणि चुनखडीची पूड भरली आणि तिच्यातून गटाराचे पाणी अगदी सावकाश सोडले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. आत गेलेला अमोनिया तसाच बाहेर येत होता. मग तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. नुसती रासायनिक क्रिया असती तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले. नंतर थोडी माती पाण्यात खळबळून ते पाणी आत घातल्यावर पुन्हा सुरू झाले. काम करणारे जिवंत होते. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. उकळलेली रेती, वीस दिवस, अकरा दिवस. माझ्या माशांना तेवढा वेळच मिळाला नव्हता, आणि रोज स्पंज धुऊन जे थोडे जिवाणू आले असतील त्यांनाही मी क्लोरिनच्या पाण्यात बुडवत होतो.

या फ्रेंच प्रयोगाची बातमी इंग्लंडात ज्याने सर्वांत आस्थेने उचलली तो रॉथमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रातला रसायनशास्त्रज्ञ होता. नाव रॉबर्ट वॅरिंग्टन. मला वाटले, मी टिपणांत घोळ घातला. तारखा जुळेनात. भांडेवाले वॅरिंग्टन तर १८६७ सालीच वारले होते. हा त्यांचा मुलगा, तेच नाव, जन्म १८३८. बाप मलमल ताणत होता तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता आणि त्याच अपोथिकरीज हॉलमध्ये वाढत होता. त्याने वाकून त्या पाण्यात पाहिले असणार, असे मी धरून चालतो.

धाकटे वॅरिंग्टन १८७६ पासून रॉथमस्टेडला होते. अमोनियाच्या विरळ द्रावणात चिमूटभर माती घालायची, थांबायचे, मग त्यातला थेंब दुसऱ्या द्रावणात टाकायचा. असे वर्षानुवर्षे करून त्यांनी दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते. आधी अमोनियाचे नायट्राइट, तेही माशांना घातकच. मग नायट्राइटचे नायट्रेट, जे बरेच निरुपद्रवी आणि झाडांच्या उपयोगाचे. दोन टप्पे आणि दोन वेगळे जीव. पण ते जीव त्यांना वेगळे काढता आले नाहीत. सेंद्रिय खाद्यावर जिवाणू वाढवण्याची तेव्हाची रीत यांना मानवत नव्हती. तो मान १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राडस्की यांनी मिळवला. बापाच्या भांड्यात ज्यांनी निमूटपणे राबून मासे जगवले, त्यांच्या दारापर्यंत मुलगा पोचला आणि दार दुसऱ्याने उघडले.

आपल्या शेतकऱ्याला हे जीव माहीत नसले तरी त्यांची कमाई माहीत होती. गावठाणाची जागा ती पांढरी आणि शेताची ती काळी, ही आपल्याकडची जुनी विभागणी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे-गुरे नांदलेल्या जागेची पांढरी माती लोक गाड्या भरभरून शेतात नेत. जुन्या वस्त्यांची कितीतरी टेकाडे अशी खणली गेली, याचे पुरातत्त्वज्ञांना आजही दुःख आहे. बंदुकीच्या दारूचा सोरा काढत तोही अशाच मातीतून. मुतारी, राख, शेण आणि मध्ये हे न दिसणारे कामगार.

वॅरिंग्टनांची गोष्ट इथेही संपत नाही. धाकट्यांना पाच मुली. शेवटची कॅथरीन, जन्म १८९७. ती दहा वर्षांची होण्याआधीच वडील गेले. १९२१ साली तीही रॉथमस्टेडलाच वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून लागली, आणि १९२३ साली तिने सिद्ध केले की बोरॉन हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात का होईना, झाडाला लागतेच. ते नसले की घेवड्याच्या जातीच्या तिच्या रोपांचे शेंडे काळे पडून मरत, जास्त झाले तर विष. टाकीतल्या झाडांना घालायच्या द्रवखताची बाटली आणून मी भिंगाने लेबल वाचले. लोह, मँगनीज, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम आणि बोरॉन. आजोबांनी झाड लावले, बापाने त्याच्या मुळाशी काय चालते ते शोधले, नातीने त्याच्या शेंड्याला काय हवे ते सांगितले. तिघांना एकत्र आणून लिहिलेले मी कुठे वाचले नाही. एकाचे नाव मत्स्यालयांच्या इतिहासात येते, दुसऱ्याचे शेतीरसायनात, तिसरीचे वनस्पतिशास्त्रात, आणि या तीन कपाटांच्या चाव्या तीन वेगळ्या लोकांकडे असतात.

विनोग्राडस्कींनंतर शंभरहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत दोन टप्पे, दोन जीव असेच छापले गेले. २०१५ साली दोन्ही टप्पे एकट्याने करणारा जिवाणू सापडला. दोन गटांना तो एकाच वेळी मिळाला आणि त्यातल्या एकाला मिळाला तो नेदरलँड्समध्ये, मासे पाळण्याच्या टाक्यांना जोडलेल्या गाळणीत. धाकट्या वॅरिंग्टनांना हे ऐकून थोडे वाईट वाटले असते. थोरल्यांना नक्कीच बरे वाटले असते.

माळ्यावरची टाकी मी पुन्हा खाली काढली. या वेळी रेती धुतली, उकळली नाही. तिच्याखाली बागेतल्या चाळलेल्या मातीचा दीड इंच थर दिला. एका ओळखीच्या माणसाच्या जुन्या टाकीतला गाळणीचा स्पंज मागून आणला आणि त्याचे काळपट पाणी आमच्या टाकीत पिळले. बायको नाक दाबून उभी होती. व्हॅलिस्नेरिया लावली, भरपूर लावली. मासे नाहीत, नुसते रोज चिमूटभर खाद्य पाण्यात. थेंब टाकून रंग पाहायची चाचणी मी वहीत लिहीत गेलो. अमोनिया चढला, उतरला. नायट्राइट चढले, उतरले. सव्विसाव्या दिवशी दोन्ही रकान्यांत शून्य आले. मग आठ गप्पी सोडले. सोनेरी मासे नाही आणले. ते मोठे होतात आणि एवढ्या पाण्यात कोंडतात. स्पंज आता महिन्याने धुतो, तोही टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. ते बदलावे लागतेच. गोगलगायी मी आणल्या नव्हत्या, रोपांबरोबर आल्या आणि काचेवर अंडी घालून गेल्या.

लेक शिकायला पुण्याला असते. गेल्या दिवाळीत आली तेव्हा मी तिला हे सगळे सांगितले. पाणी फार स्वच्छ होते, तेच चुकले, म्हणालो.

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं."

ती बराच वेळ टाकीसमोर बसून होती. जाताना खोलीवर ठेवायला तिने एका बरणीत व्हॅलिस्नेरियाची दोन रोपे घेतली. बरणी ओली का म्हणून मी पिशवीत डोकावलो, तर खाली टाकीच्या तळाचा मूठभर गाळही तिने घेतला होता.