हलक्या संमिश्र फलकांचा इतिहास : चिकटद्रव्य, सांधा आणि हवामानावरील आरोप

बीजसंज्ञा : संमिश्र फलक, प्लायवूड, एमडीएफ, बाल्सा, मॉस्किटो विमान, केसीन, सुतारकाम.

प्रस्तावना

आजच्या घरांत आणि कार्यालयांत दिसणारे बहुतांश फर्निचर सलग लाकडाचे नसते. ते फलकांपासून तयार होते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवून बनवलेले प्लायवूड आणि लाकडाचे तंतू राळेत दाबून बनवलेला एमडीएफ ही त्याची दोन परिचित रूपे होत. या दोहोंची मोठी मर्यादा म्हणजे त्यांचे वजन. ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १८ मिलिमीटर जाड अशा एमडीएफ फलकाची घनता दर घनमीटरला ७५० किलोग्रॅम धरली, तर त्याचे वजन सुमारे ४० किलोग्रॅम होते. यावर उपाय म्हणून हलका संमिश्र फलक पुढे आला. दोन पातळ पृष्ठस्तर आणि त्यांच्यामध्ये कागदी जाळी, फेस किंवा बाल्सासारख्या हलक्या लाकडाचा गाभा, अशी त्याची रचना असते.

या फलकाविषयी ग्राहकांच्या आणि पुष्कळदा कारागिरांच्याही मनात एक अढी आढळते. हलके म्हणजे पोकळ आणि पोकळ म्हणजे कच्चे, असे मानले जाते. आपल्याकडील पावसाळा अशा वस्तूला मानवणार नाही, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. प्रस्तुत लेखात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. हलक्या फलकाचे भवितव्य त्याच्या गाभ्यापेक्षा चिकटद्रव्याने आणि सांध्याने ठरवले. तसेच सांध्यातील दोषाचे खापर हवामानावर फोडण्याची प्रवृत्ती या फलकाच्या इतिहासात फार लवकर दिसून आली, असे लेखाचे प्रतिपादन आहे. यासाठी दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो विमानाचे उदाहरण मध्यवर्ती मानले आहे. कारण या वादाचे घटनास्थळ भारत होते.

रचनेचे तत्त्व

फळी वाकते तेव्हा तिच्या एका पृष्ठभागावर ताण आणि दुसऱ्यावर दाब येतो. मधल्या भागावर हे दोन्ही अत्यल्प असतात. म्हणजेच मधले द्रव्य वजन वाढवते, परंतु ताठरपणात त्याचा वाटा थोडा असतो. एखाद्या सलग पत्र्याचे दोन समान थर करून त्यांच्यामध्ये हलका गाभा बसवला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे ७ पट होतो. जाडी चौपट केल्यास तो सुमारे ३७ पट होतो. वजनात मात्र किरकोळ वाढ होते. बळ द्रव्याच्या राशीत नसून त्याच्या मांडणीत आहे, असा याचा अर्थ.

परंतु या तत्त्वाला एक कठोर अट आहे. दोन्ही पृष्ठस्तरांनी एक होऊन काम करावे, यासाठी ते गाभ्याशी अखंड जोडलेले असले पाहिजेत. चिकटद्रव्य सुटले की स्तर एकमेकांवरून सरकू लागतात आणि उरतात ते केवळ दोन पातळ पत्रे. सलग लाकडात एखादा दोष स्थानिक राहू शकतो. संमिश्र फलकात चिकटरेषेचा दोष संपूर्ण रचनेलाच निकामी करतो.

थरांपासून गाभ्यापर्यंत

लाकडाचे थर आडवे-उभे जोडण्याची कल्पना प्राचीन आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे तिसऱ्या राजवंशाच्या काळातील सहा थरांची लाकडी शवपेटी सापडली आहे. आधुनिक प्लायवूडच्या व्यापारी इतिहासात १९०५ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी अमेरिकेतील पोर्टलंड येथील प्रदर्शनात डग्लस फर वृक्षाच्या लाकडाचे तीन थरांचे फलक मांडण्यात आले आणि दरवाजे बनवणाऱ्या उद्योगाचे लक्ष त्यांकडे वेधले गेले. त्याच सुमारास, १९०१ मध्ये, जर्मनीतील हाले येथील हान्स हाइलब्रुन यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवून आणि ताणून मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी तयार करण्याची पद्धत शोधली. तिचा प्रारंभिक उपयोग शोभेपुरता होता. तीच जाळी पुढे लक्षावधी दरवाजांचा आणि टेबलांचा गाभा बनणार होती.

या दोन धारा एकत्र येण्यात अडथळा होता तो चिकटद्रव्याचा. जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस, रक्तातील प्रथिनांपासून केलेली खळ आणि दुधातील केसीन यांवरच त्या काळची भिस्त होती. ही सर्व द्रव्ये सेंद्रिय असल्याने ओलाव्याने मऊ पडणे किंवा बुरशीने खाल्ली जाणे हा त्यांचा धोका होता. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये सिद्ध केलेल्या फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेने या कोंडीतून मार्ग दाखवला. १९३४ मध्ये अमेरिकेत जेम्स नेव्हिन यांनी प्लायवूडसाठी पूर्णतः जलरोधक चिकटद्रव्य विकसित केले. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रुइन यांच्या संस्थेने १९३७ च्या सुमारास ‘एरोलाइट’ हे युरिया-फॉर्मल्डिहाइड चिकटद्रव्य तयार केले. थरांमधील बारीक फटी भरून काढण्याची त्याची क्षमता विशेष मोलाची होती. कारण कारखान्यातील सर्वच जोड तंतोतंत बसत नाहीत.

मॉस्किटो : फर्निचरच्या कारखान्यातील विमान

डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीने १९३७ मध्ये उड्डाण केलेल्या अल्बट्रॉस या प्रवासी विमानाच्या सांगाड्यात प्लायवूड-बाल्सा-प्लायवूड ही रचना वापरली होती. युद्धात धातूची टंचाई होईल आणि सुतारांचे कौशल्य मात्र मोकळे राहील, या विचारातून कंपनीने तीच रचना लष्करी विमानासाठी सुचवली. मॉस्किटोचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले. पुढे ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून ७,७८१ मॉस्किटो विमाने बांधली गेली. त्यांचे सुटे भाग हाय विकम या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील कारखान्यांतूनही येत असत.

विमानाचा मुख्य सांगाडा डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्या कवचांचा होता. बर्चच्या प्लायवूडचे पातळ स्तर आणि त्यांमध्ये दक्षिण अमेरिकेतील इक्वाडोरहून आणलेले बाल्सा साच्यावर आवळून चिकटवले जात. आतील तारा व नळ्या बसवून झाल्यावर दोन्ही कवचे एकत्र जोडली जात. पंखाच्या वरच्या भागात बाल्सा नव्हते. तेथे प्लायवूडचे दोन स्तर स्प्रूस लाकडाच्या पट्ट्यांनी एकमेकांपासून विलग राखलेले होते. द्रव्य निराळे असले तरी तत्त्व तेच होते.

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. कवचाला जेथे छिद्र पाडायचे किंवा जड वस्तू अडकवायची असे, तेथे बाल्सा काढून त्या जागी अधिक कठीण लाकूड किंवा बेकलाइटची गुडदी बसवली जाई. हलका गाभा पसरलेला भार पेलतो, एका बिंदूवर आलेला भार पेलत नाही, याची पूर्ण जाणीव त्या अभियंत्यांना आणि सुतारांना होती.

१९४४ : मोसमी हवा की कारागिरी?

१९४४ च्या उत्तरार्धात भारतात तैनात असलेल्या मॉस्किटो विमानांना एकामागून एक अपघात झाले. पंखाचा वरचा स्तर मुख्य तुळईपासून सुटत असल्याचे दिसून आले. नोव्हेंबरमध्ये विमाने जमिनीवर ठेवण्यात आली. केसीनचे चिकटद्रव्य उष्णतेने आणि पावसाळी दमटपणाने निकामी झाले, हे स्पष्टीकरण तत्काळ पुढे आले. मेजर हियरवर्ड डी हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक भारतात आले. ते कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांचे बंधू होते. डिसेंबरच्या प्रारंभी दिलेल्या अहवालात त्यांनी चिकटद्रव्य बिघडल्याचे नाकारले. मात्र पावसाळ्यात लाकडी सांगाडा आकसल्यामुळे अपघात झाले, असा निष्कर्ष काढला. दोष कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पुन्हा हवामान हेच राहिले.

त्यानंतरच्या चौकश्यांनी वेगळे चित्र समोर आणले. ब्रिटनमध्येच तपासलेल्या विमानांत त्याच जातीचे दोष आढळले. हॅटफील्ड आणि लीव्हस्डन येथे बांधलेल्या या विमानांना मोसमी पावसाचा वा वाळवीचा स्पर्शही झालेला नव्हता. जोडकामाचा दर्जा अपुरा होता, असा तपासनिसांचा अभिप्राय पडला. तरीही विमानावरील विश्वास ढळू नये म्हणून ब्रिटिश हवाई मंत्रालयाने हवामानाचे कारणच अधिकृत ठेवले. पंखाच्या सांध्यावर प्लायवूडची पट्टी लावून पाणी झिरपण्याचा मार्ग मात्र बंद करण्यात आला.

या प्रसंगात हवामानाचा वाटा शून्य होता, असे म्हणणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. ओलाव्याने लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि कमकुवत जोड त्यामुळे लवकर उघडा पडतो. परंतु हवामानाने दोष उघड केला. निर्माण केला नाही. भारतातील पावसाळा हा येथे आरोपी म्हणून उभा करण्यात आला, वस्तुतः तो परीक्षक होता. एरोलाइटसारखी कृत्रिम चिकटद्रव्ये वापरात आल्यावर केसीनची मर्यादाही दूर झाली. मॉस्किटोचे ब्रिटिश हवाई दलातील अखेरचे कामगिरीवरील उड्डाण डिसेंबर १९५५ मध्ये मलायात झाले. मलाया हा तर बारमाही दमट हवेचा प्रदेश होय. लाकडी संमिश्र रचना उष्ण कटिबंधात टिकूच शकत नाही, या समजाला याहून सुस्पष्ट उत्तर क्वचितच मिळेल.

विमानातून घरात

युद्धानंतर हे ज्ञान इमारत आणि फर्निचर यांकडे वळले. अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने १९४७ मध्ये राळेत भिजवलेल्या कागदी जाळीचा गाभा असलेल्या फलकांची प्रायोगिक वास्तू उभारली आणि ऊन, पाऊस व बर्फ यांचा त्यांवरील परिणाम अनेक वर्षे नोंदवला. कागदासारखी नाशवंत वस्तूही योग्य राळ आणि बंदिस्त कडा लाभल्यास टिकते, हे त्यातून दिसले. १९८० च्या सुमारास स्वीडनच्या आयकिया कंपनीने पोकळ दरवाजांचे तंत्र टेबलाला लावून ‘लाक’ हे स्वस्त व हलके टेबल बाजारात आणले. मध्यंतरी, १९६० च्या दशकात अमेरिकेत एमडीएफचे उत्पादन सुरू झाले होते. गुळगुळीत पृष्ठभाग, कोठेही कापण्याची सोय आणि सर्वत्र सारखी घनता यांमुळे त्याने बाजार व्यापला. हलका फलक मागे पडला तो दुर्बलतेमुळे नव्हे. तो अधिक नियोजन मागत होता म्हणून.

भारतीय संदर्भ

भारतात प्लायवूडची सुरुवात आसाममध्ये चहाच्या खोक्यांसाठी झाली. ईशान्येकडील जंगलांवर विसंबलेल्या या उद्योगाला १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोठे वळण दिले. ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यावर निर्बंध आले आणि तेथील अनेक गिरण्या बंद पडल्या. त्यानंतर हरियाणातील यमुनानगरसारख्या केंद्रांत शेतावर वाढवलेल्या पॉपलर व निलगिरीच्या लाकडाचे महत्त्व वाढले. कमी लाकडात अधिक काम करणाऱ्या रचनेचा विचार येथे केवळ सोयीचा उरत नाही, तो संसाधनाचा प्रश्न होतो.

हलका फलक भारतीय सुताराला सर्वस्वी अपरिचितही नाही. फ्लश दरवाजांसाठी भारतीय मानकांमध्ये भरीव गाभ्याकरिता आयएस २२०२ आणि पोकळ गाभ्याकरिता आयएस २१९१ अशी स्वतंत्र मानके आहेत. पोकळ दरवाजात कुलपाच्या जागी लाकडी ठोकळा बसवला जातो. मॉस्किटोच्या कवचातील गुडदीचेच हे घरगुती रूप होय. त्याचप्रमाणे प्लायवूडच्या आयएस ३०३ या मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीतील एमआर आणि बीडब्ल्यूआर हे दर्जे मुख्यत्वे चिकटद्रव्य ओलाव्याला किती टिकते यावर आधारलेले होते. फलकाचा कणा चिकटरेषा आहे, हे मानककारांनीही मान्य केले होते.

व्यवहारात मात्र हा धडा विसरला जातो. एमडीएफसाठीचे नेहमीचे स्क्रू कागदी गाभ्यात घट्ट बसत नाहीत. कापलेली कड पट्टीविना उघडी ठेवली जाते. बिजागरीच्या जागी ठोकळा घातला जात नाही. कपाट लोंबू लागले की दोष फलकाला किंवा कोकणातील पावसाला दिला जातो. फॉर्मल्डिहाइडचा प्रश्नही चिकटद्रव्याशीच निगडित आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूला मानवी कर्करोगकारक ठरवले. ज्या राळेने १९३० च्या दशकात लाकडी फलकाला ओलाव्यापासून वाचवले, तिच्यातील वायू बंद खोलीत आरोग्याचा प्रश्न बनतो. फलकात लाकूड व राळ कमी असली तरी ती कोणत्या प्रतीची आहे, हे विचारणे त्यामुळे अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

१. हलक्या संमिश्र फलकाची शक्ती द्रव्याच्या राशीत नसून मांडणीत आहे. तो प्लायवूड व एमडीएफची स्वस्त नक्कल नसून स्वतंत्र तत्त्वावर आधारलेली रचना आहे.

२. या रचनेची प्रगती गाभ्याच्या शोधापेक्षा चिकटद्रव्याच्या सुधारणेवर अवलंबून राहिली.

३. १९४४ मधील भारतातील अपघात हे हवामानाने उघड केलेल्या जोडकामातील दोषाचे उदाहरण आहे. अधिकृत कारण आणि तांत्रिक कारण यांत तेथे पडलेले अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेतले पाहिजे.

४. आजच्या वापरात बंदिस्त कडा, भाराच्या जागी ठोकळे आणि योग्य प्रतीची राळ या तीन बाबी सांभाळल्यास हा फलक दमट हवेतही समर्थ पर्याय ठरू शकतो. त्यासाठी सुताराच्या प्रशिक्षणात नव्या सांध्यांना स्थान मिळणे आवश्यक आहे.

वस्तू निकामी झाल्यावर द्रव्याला आणि ऋतूला दोष देणे सोपे असते, कारण दोघेही उत्तर देत नाहीत. सांधा कोणी, कसा आणि किती काळजीने जोडला, हा प्रश्न मात्र माणसापर्यंत येऊन पोचतो. हलक्या फलकाचा इतिहास हाच प्रश्न टाळू नये, असे सुचवतो.