पैठणचा राजा आणि शिसवीवरचा वेताळ

पुण्याच्या पश्चिम अंगाला एक लांबलचक टेकडी आहे. माथ्यावर वेताळाचं देऊळ, म्हणून तिचं नाव वेताळ टेकडी. सकाळी फिरायला जाणारी माणसं त्याला हात जोडतात आणि पुढं चालू लागतात. कुणी दचकत नाही. शहरातली आजची गुरुवार पेठ आहे ना, तीही पूर्वी वेताळ पेठच होती. जोतीराव फुल्यांनी १८५२ साली मुलींची एक शाळा काढली ती या वेताळ पेठेत. भुतांच्या राजाच्या नावानं वसलेल्या पेठेत मुली धुळाक्षरं गिरवू लागल्या, ही गोष्ट मला फार आवडते.

आता तुम्ही म्हणाल, आज वेताळच का? सांगतो. हायस्कुलातल्या मुलांना हल्ली कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून एका परदेशी भुताची ओळख झालेली असते. व्हँपायर त्याचं नाव. मेलेला असून फिरतो, माणसाचं रक्त पितो, शेकडो वर्षं जगतो आणि मुख्य म्हणजे प्रेमात पडतो. गुरुजी मंडळी यावर कपाळाला आठ्या घालतात. पण मुलांना त्यात गोडी का वाटते, हे पाहायला नको का? ज्यानं तीन-चारशे वर्षं डोळ्यांनी पाहिली, तो म्हणजे चालताबोलता इतिहास. त्याच्याशी प्रेम जुळलं की सनावळीला एकदम जीव येतो.

या भुतांचा मेरुमणी म्हणजे ड्रॅक्युला. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकानं ती कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध केली. नाव घेतलं पंधराव्या शतकातल्या एका खऱ्या राजाचं, व्लाडचं. रुमानियातल्या वालाकियाचा हा राजा शत्रूंना सुळावर देण्यात मोठा कुप्रसिद्ध होता. कादंबरीची घडण मात्र शिक्षकांनी पाहण्यासारखी आहे. सगळी कथा रोजनिशा, पत्रं आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं यांतूनच सांगितली आहे. मीना नावाची तरुणी ते सारे कागद टंकलिखित करून तारीखवार लावते, तेव्हा कुठं भुताचा माग लागतो. म्हणजे ड्रॅक्युला नुसत्या खंजिरानं मेला नाही, दप्तर नीट लावल्यानं मेला! आपल्या राजवाड्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

याच स्टोकरची १८७८ साली रिचर्ड बर्टन या प्रवाशाशी गाठ पडली. बोलताना बर्टनचा ओठ वर जाई आणि सुळा चमके, याची आठवण त्यानं पुढं लिहून ठेवली आहे. हा बर्टन तरुणपणी मुंबई इलाख्याच्या पलटणीत होता. त्यानं १८७० साली आपल्या वेताळ पंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्रजीत उतरवल्या आणि वेताळाला नाव दिलं 'व्हँपायर'. एवढ्यावरून ड्रॅक्युला वेताळाच्या पोटी जन्मला असं म्हणायला मी तयार नाही. पण बर्टनचं नामकरण चुकलं, एवढं नक्की. आपला वेताळ मढ्यात शिरून राहतो खरा, पण पंचविशीत तो राजाचं रक्त पीत नाही. तो राजाला प्रश्न विचारतो.

आणि राजा कुठला? आपण विक्रम म्हटलं की उज्जयिनीकडे बोट दाखवतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं सूर्यमती राणीचं मन रमावं म्हणून कथासरित्सागर रचला, त्यातला राजा त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण! एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देई. एके दिवशी माकडानं फळ फोडलं तर आत रत्न निघालं. त्या उपकाराच्या बदल्यात राजा वद्य चतुर्दशीच्या रात्री मसणवटीत गेला आणि शिसवीला लटकणारं प्रेत खांद्यावर घेऊन निघाला. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगे आणि शेवटी कोडं घाली. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर! बिचाऱ्या राजाच्या किती खेपा झाल्या असतील, मोजा.

यातली मंदारवतीची गोष्ट ऐका. तिला तीन तरुणांची मागणी. लग्नाआधीच ती तापानं गेली. एकानं स्मशानातच खोपट बांधलं आणि तिच्या राखेवर निजू लागला. दुसरा अस्थी घेऊन गंगेला गेला. तिसरा गोसावी होऊन देशोदेशी भटकला आणि मेलेल्याला उठवायचा मंत्र घेऊन परतला. राख होती, अस्थी होत्या, मंत्र होता. मुलगी उठून बसली. तिघे भांडू लागले. ती बायको कुणाची?

तुम्ही काय सांगाल? माझा कौल पहिल्यांदा मंत्रवाल्याला पडला होता. राजा म्हणाला, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या ते मुलाचं काम. राखेशेजारी निजला तोच नवरा. स्मशानातली प्रेमकथा म्हणाल तर ही घ्या, ड्रॅक्युलाच्या आठशे वर्षं आधीची, आणि वर न्यायनिवाड्यासकट. वर्गात ही गोष्ट सांगून बघा, पोरं कशी हमरीतुमरीवर येतात ते.

पण या कथांत रक्त अजिबात नाही असं नाही हं. ते आहे सांगणाऱ्याचं. सोमदेव सांगतो, की आपला सागर मुळात गुणाढ्याच्या बृहत्कथेतून आला. हा गुणाढ्य सातवाहन राजाच्या दरबारी. राजाला संस्कृत शिकवण्यावरून पैज लागली, ती तो हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी या तिन्ही भाषा सोडून वनात गेला. तिथं पिशाच्चांची भाषा, पैशाची, शिकला. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहिले. राजानं नाक मुरडलं: भाषा पिशाच्चांची आणि अक्षरं रक्ताची! मग गुणाढ्यानं कुंड पेटवलं. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. हरणं चरायची विसरून ऐकत राहिली. राजाच्या मुदपाकात मांस सुकं यायला लागलं, तेव्हा चौकशी झाली. राजा धावत गेला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले म्हणतात. आज तेही मूळ रूपात कुठं मिळत नाहीत.

ही दंतकथा आहे, पुरावा नव्हे. तरी ज्यांच्या बोलीला 'गावंढळ' म्हणून कुणी हसलं असेल, त्यांना ती वेगळी सांगायला नको.

मराठीत ही पंचविशी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली आणली. पुढं पुण्याच्या नारायण धारपांनी (१९२५–२००८) रक्तपिपासू पिशाच्चांनाही मराठी बोलायला लावलं आणि दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली.

गावोगावचा वेताळ मात्र पुस्तकात मावलेला नाही. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला केळीचे घड वाहतात आणि कातड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला हिंडतो, म्हणून त्या झिजतात, असं तिथं सांगतात. कधी गेलात तर तळवे उलटे करून बघा.