पीएच.डी. संशोधनातील प्रगल्भ विचार

जमविलेल्या माहितीची मांडणी कोणत्या प्रश्नाभोवती करावयाची हे संशोधकाने स्वतः ठरविणे, प्रस्थापित मत तपासून पाहणे आणि आपले प्रतिपादन पुराव्यानिशी सिद्ध करणे, ही पीएच.डी.च्या संशोधकाकडून अपेक्षित असलेली बौद्धिक क्षमता होय. जॅन मायर व रे लँड यांनी २००३ मध्ये ‘उंबरठा-संकल्पना’ मांडली. एकदा उमजल्यावर विषयाकडे पूर्वीच्या नजरेने पाहताच येत नाही अशी कळीची संकल्पना, असा तिचा अर्थ असून पुढे पीएच.डी.च्या वाटचालीचा विचारही तिच्या आधारे होऊ लागला.

मूळ गाव आंबडवे (ता. मंडणगड, जि. रत्नागिरी) असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दोन प्रबंध या संदर्भात उद्बोधक आहेत. कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील प्रबंध १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अंदाजपत्रकांतील रुक्ष आकडे हे त्याचे साहित्य; परंतु वरिष्ठ सरकारने प्रांतांना १८७१ पासून ठोक रकमा नेमून दिल्या, १८७७ पासून काही महसूल सोपविले आणि १८८२ पासून महसुलात वाटेकरी केले, असे टप्पे त्यांनी पाडल्यामुळे त्या आकड्यांतून सत्तेच्या विभागणीचा प्रश्न पुढे आला. कालखंड पाडणे हे वरवर कारकुनी वाटणारे काम असले, तरी प्रबंधाचा युक्तिवाद बहुधा तेथेच ठरतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील डी.एस्सी.च्या प्रबंधात त्यांनी रुपयाचा प्रश्न घेतला. रुपयाचे नाणे देशात चालवून त्याचा पौंडाशी असलेला दर सरकारी व्यवहारांनी टिकवावयाचा, या सुवर्ण विनिमय परिमाणाचे अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये समर्थन केले होते. आंबेडकरांनी कसोटीच बदलली : विनिमयाचा दर स्थिर दिसला तरी देशांतर्गत खरेदीशक्ती स्थिर राहते असे नाही, म्हणून रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा हवी आणि टांकसाळ लोकांप्रमाणे सरकारलाही बंद असावी, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षकांच्या सूचनेवरून फेरलेखन करावे लागल्यानंतर हा प्रबंध १९२३ मध्ये मान्य झाला. मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद नोंदवूनही त्यातील ताजेपणाची दखल घेतली. मार्गदर्शकाच्या मताशी जुळणे ही प्रबंधाची कसोटी नव्हे, हे यातून दिसते. आपल्याकडील विद्यापीठांत ही गोष्ट तत्त्वतः मान्य असते, व्यवहारात मात्र विद्यार्थी सहसा धजावत नाही.

पदवीच्या चौकटीबाहेरही ही क्षमता आढळते. चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात १८८० मध्ये जन्मलेले पांडुरंग वामन काणे ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करीत असताना प्रस्तावनेसाठी योजलेला धर्मशास्त्राचा इतिहास इतका विस्तारला, की त्याचे १९३० ते १९६२ या काळात पाच खंड झाले. पहिल्या खंडात त्यांनी ग्रंथ, ग्रंथकार आणि त्यांचा कालानुक्रम यांचा निर्णय केला. वर्ण, आश्रम, संस्कार, राजधर्म व व्यवहार यांची चर्चा त्यानंतरच्या खंडांत येते.