झाकीरसाहेबांची टकळी

बी.एड.ला ‘प्रकल्प पद्धती’ शिकताना आम्ही ड्यूई आणि किलपॅट्रिक पाठ केले. डॉ. झाकीर हुसेन मात्र आम्हाला फक्त राष्ट्रपतींच्या यादीत भेटले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलांनी हस्तोद्योगातून शिकावे, त्यातूनच शाळेचा खर्चही निघावा, असा गांधीजींचा विचार होता. जामियाचे कुलगुरू झाकीरसाहेब त्यांच्यासमोरच बोलले. हाताने करत शिकणे नवे नाही, अमेरिकेत त्यालाच प्रकल्प पद्धती म्हणतात, हे त्यांनी सांगितले. आणि कमाईवर भर दिला तर शिक्षक गरिबांच्या मुलांना राबवून घेतील, मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असे बजावले. हे बोलणे ऐकीव नव्हते. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली प्रकल्प पद्धतीनेच शिकवत. पुढे अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद झाकीरसाहेबांनाच मिळाले. (आज असे बोलणाऱ्याला समितीत कोण घेईल?)

आमच्याकडे आता टकळी नाही, ‘प्रोजेक्ट’ आहे. दुकानातून आणलेली चित्रे, आईचे अक्षर, वर चकचकीत कव्हर. मी वही बाजूला ठेवतो आणि मुलालाच विचारतो, “बेटा, यातलं तू काय केलंस?”