तांब्याची तार, आखातातला फोन आणि घरातला राउटर

गेल्या महिनाभरात बाजारपेठेतल्या तीन-चार दुकानदारांनी मला एकच प्रश्न विचारला. "तांब्याची जुनी लाइन सोडून फायबरवरचा फोन घ्यावा का हो?" घ्या, असं माझं उत्तर आहे. पण त्याला एक 'पण' जोडलेला आहे आणि तो समजायला थोडं मागे जावं लागेल. पोस्ट लांबली आहे, सवडीनं वाचा.

परगावी फोन म्हणजे ट्रंक कॉल, हे पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन प्रकार होते. देशात पहिला एसटीडी २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाला, पण ती सोय तालुक्याच्या गावी पोचायला पुढची कित्येक वर्षं गेली. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं, त्यांची देशी बनावटीची छोटी एक्स्चेंज आली, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून जेवणं उरकून लोक बूथवर रांग लावत. आमच्या खेड-चिपळूण पट्ट्यात ही रांग आखातातल्या फोनसाठी असे. बोलणारा एक आणि त्याला चिकटून उभे पाच. सगळ्यांची नजर मात्र भिंतीवरच्या मीटरच्या लाल आकड्यांवर!

एवढा महाग का होता हो तो फोन? एक कारण तांत्रिक. जुन्या पद्धतीत तुमच्या कॉलसाठी इथपासून तिथपर्यंत एक अख्खा मार्ग राखून ठेवला जाई. तुम्ही गप्प बसलात तरी तो अडलेलाच. इंटरनेटवर तसं नसतं. आवाजाचे बारीक तुकडे करतात, साधारण सेकंदाला पन्नास, प्रत्येकावर पत्ता लावतात आणि बाकीच्या डेटाच्या गर्दीतून पाठवून देतात. एका कॉलला जेमतेम शंभर केबीपीएस पुरतात.

दुसरं कारण सरकारी. परदेशी कॉल ही विदेश संचार निगमची मक्तेदारी होती. ती संपली १ एप्रिल २००२ ला आणि त्याच दिवसापासून इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली. तीही अर्धवट. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला चालेल, कॉम्प्युटरवरून परदेशातल्या फोनला चालेल, पण देशातल्या साध्या फोनला लावायचा नाही. तार तीच, आवाज तोच, नुसता शेवटचा टप्पा बेकायदा! या फटीतूनच चोरटी एक्स्चेंज उगवली. परदेशातला कॉल इंटरनेटवरून आणायचा आणि ढीगभर सिमकार्डांतून लोकल म्हणून सोडायचा. २०१७ मध्ये एटीएसने लातुरात असा धंदा पकडला होता. स्वस्त कॉल घेणाऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, पण कॉल खरा कुठून आला याचा माग राहत नाही, हा त्यातला खरा धोका.

२००३ मध्ये स्काईप आलं. सायबर कॅफेत हेडफोन लावून बोलणारी माणसं दिसायला लागली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेट कॉलच्या डेटाला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतलं. नेट न्यूट्रॅलिटीचा वाद आपल्याकडे पेटला तो इथून. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्यांचं नेटवर्क तेव्हा फक्त फोरजीचं होतं, म्हणजे त्यावरचा साधा कॉलसुद्धा आतून इंटरनेटच्याच पद्धतीचा. "आपल्याला ते इंटरनेट-बिंटरनेट कळत नाही" म्हणणारे आमचे आबासुद्धा रोज त्यावरच बोलतात. शेवटी जून २०१८ मध्ये सरकारने नियम मोकळे केले आणि इंटरनेटवरून कुठल्याही फोनला कॉल लावणं कायदेशीर झालं.

आखाताचं मात्र अजून वेगळंच आहे. सौदीने २०१७ मध्ये बंदी बरीच सैल केली, पण दुबईत व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही. म्हणून तर इकडच्या म्हाताऱ्या आईच्या मोबाइलमध्येही बोटिम असतं.

आता धंद्याचं बोलू. आमच्या ओळखीच्या एका आंबा बागायतदाराने एकच नंबर ठेवलाय. तो बागेतही वाजतो, वाशीच्या गाळ्यावरही, आणि उचलला नाही तर पोराच्या मोबाइलवर जातो. दवाखान्याला, लॉजला, क्लासवाल्याला ही सोय सोन्यासारखी आहे. पूर्वी यासाठी खोलीभर तारांचं ईपीएबीएक्स लागायचं.

आता तो 'पण'. तांब्याच्या लाइनवरच्या साध्या फोनला वीज एक्स्चेंजमधून, त्याच तारेतून येते. घरची लाइट गेली तरी तो वाजतो. फायबरचा फोन राउटरवर चालतो. लाइट गेली की राउटर बंद, फोनही बंद. २०२० चं निसर्ग वादळ आठवा, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवा. वीज गेली, मोबाइलही मुके झाले, पोरं खुशाल आहेत का हे कळायला मार्ग नव्हता. तांब्याची तार अशा पुरात टिकलीच असती असं मी म्हणणार नाही, एक्स्चेंजमध्ये पाणी शिरलं की तीही संपली. पण चार-सहा तास लाइट गेलेली असताना, घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर, हा फरक जिवाचा ठरू शकतो.

तेव्हा लाइन बदला, पण राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा त्याला छोटा यूपीएस लावा. ११२ लावायला एक चार्ज केलेला साधा मोबाइल वेगळा ठेवा. आणि कनेक्शन देणाऱ्याला जुना नंबर तोच राहणार का, हे लेखी विचारा. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, गिऱ्हाइकांच्या डायरीत तोच आहे.